क्यू भरल्यावर नेमकं कोण थांबणार? पॉसिक्स मेसेज क्यू अडकते त्याबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं रुळावर राहील. लिनक्सवर तुमच्या दोन प्रोसेस आहेत. पहिली सेन्सर वाचते आणि २५६ बाइटचा एकेक मेसेज पॉसिक्स मेसेज क्यूवर (पॉसिक्स या युनिक्स-स्टँडर्डमधली, लिनक्स सांभाळतो ती मेसेजची रांग) टाकते. दुसरी तो उचलते, त्यावर हिशोब करते आणि प्रत्येक मेसेजची १६ बाइटची पोच दुसऱ्या, उलट्या दिशेच्या क्यूवर पाठवते. पहिली प्रोसेस ही पोच कधी वाचते, तर सेन्सरकडे नवीन काही नसेल तेव्हा. काही मिनिटं सगळं छान चालतं आणि मग दोन्ही प्रोसेस गप्प, सीपीयू शून्य, क्रॅश नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. क्यूची लांबी १० वरून १००० करायला गेलात तर ईइनव्हॅल (दिलेली किंमत चालत नाही असा एरर) आलं, सुडो लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चाललं पण उशिरा का होईना परत तेच. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मेसेज क्यू स्लो असते म्हणतात, तर सगळं शेअर्ड मेमरीवर, म्हणजे दोन्ही प्रोसेसना दिसणाऱ्या एकाच मेमरीवर, नेऊ का.

शेअर्ड मेमरीवर नेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. कारण अडचण स्पीडची नाहीये आणि लांबीचीही नाहीये. क्यू भरली की कोण थांबणार आणि किती वेळ, हे तुमच्या डिझाइनमध्ये कुठेच ठरलेलं नाही, आणि जे आपण ठरवत नाही ते डिफॉल्टने ठरतं. पॉसिक्स क्यूचं डिफॉल्ट म्हणजे पाठवणारा थांबणार, जागा होईपर्यंत, मग ती जागा कधीच होणार नसली तरी.

तुमच्याच आकड्यांवर हे करून बघू. दोन्ही क्यूची लांबी १०. समजा सेन्सरने सलग डेटा द्यायला सुरुवात केली, मध्ये फट नाही, म्हणजे पहिली प्रोसेस पोच वाचायला जातच नाही, नुसती पाठवत सुटते. दुसरी प्रोसेस एकेक मेसेज उचलते आणि पोच टाकते. दहा पोचा टाकल्या की पोचेची क्यू फुल. अकरावा मेसेज उचलला, हिशोब केला, त्याची पोच टाकायला गेली आणि तिथेच एमक्यू_सेंडमध्ये (मेसेज पाठवायचा कॉल) झोपली. आता डेटाची क्यू कोणी उपसत नाही, ती आणखी दहा मेसेज घेते आणि तीही फुल. म्हणजे ११ उचललेले अधिक १० क्यूमधले असे २१ मेसेज गेले, बाविसाव्याला पहिली प्रोसेस झोपली. पहिली वाट बघतेय की दुसरीने डेटा उचलावा, दुसरी वाट बघतेय की पहिलीने पोच उचलावी. हा सरळसरळ डेडलॉक आहे. आणि नीट बघा, या हिशोबात दुसरी प्रोसेस किती फास्ट आहे हे कुठेच आलं नाही. तिचा हिशोब शून्य वेळात झाला असता तरी बाविसाव्याला हे होणारच होतं. लांबी १००० केली की तोच आकडा २००२ होतो, म्हणून सुडोवाल्या रनमध्ये उशिरा अडकलं. तेवढा लांब सलग डेटा क्वचित येतो, इतकाच फरक. आणि हीच पोचेची पद्धत घेऊन शेअर्ड मेमरीत दोन रिंग बफर (ठरावीक जागा गोल फिरून वापरणारी रांग) बांधले असते तर तिथेही हेच झालं असतं.

अर्थात मी तुमचा कोड बघितलेला नाही, वर्णनावरून बोलतोय, त्यामुळे आधी खात्री करून घ्या. ती अगदी सोपी आहे. पॉसिक्स क्यू लिनक्सवर एका छोट्या फाइलसिस्टिममध्ये दिसतात, बहुतेक ठिकाणी ती /डेव्ह/एमक्यू (/dev/mqueue) इथे माउंट केलेली असते. प्रोसेस अडकलेली असतानाच, मारू नका तिला, तिथल्या दोन्ही फाइल्स कॅट करा, म्हणजे त्यांचा मजकूर बघा. एक ओळ येईल, तिच्यात क्यूसाईझ हा पहिला आकडा असतो, तो म्हणजे आत पडून असलेल्या सगळ्या मेसेजचे मिळून बाइट. मी म्हणतोय तसं असेल तर डेटाच्या क्यूत २५६० दिसेल आणि पोचेच्या क्यूत १६०. दोन्हीकडे दहाच्या दहा भरलेले. मग दोन्ही प्रोसेसला एसट्रेस (प्रोसेस कोणत्या सिस्टिम कॉलमध्ये आहे ते दाखवणारं टूल) लावा, दोघीही एमक्यू_टाइम्डसेंडमध्ये अडकलेल्या दिसतील. तुम्ही कोडमध्ये साधं एमक्यू_सेंड लिहिलंय आणि इथे टाइम्डसेंड दिसतंय म्हणून गोंधळू नका, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सिस्टिम कॉल तेवढा एकच आहे, लायब्ररी टाइमआउट न देता त्यालाच बोलावते. एकच क्यू भरलेली आणि दुसरी रिकामी असं दिसलं तर मात्र माझं निदान चुकीचं, मग दुसरी प्रोसेस भलत्याच ठिकाणी अडकलीय, तिचा एसट्रेस बघा.

आता कर्नलच्या आत काय होतं ते थोडं सांगतो, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे आहेत. एमक्यू_सेंड केलं की कर्नल सगळ्यात आधी तुमचा मेसेज तुमच्या मेमरीतून स्वतःच्या मेमरीत कॉपी करतो, क्यूत जागा आहे की नाही हे बघायच्याही आधी. मेसेज एका पेजमध्ये मावत नसेल तर त्याचे तुकडे करून साखळी बनवतो. मग लॉक घेऊन बघतो, कोणी रिसीव्हर आधीच वाट बघत बसलाय का. बसला असेल तर मेसेज क्यूत न घालता थेट त्याच्या हातात देतो आणि त्याला उठवतो. नसेल आणि जागा असेल तर क्यूत लावतो. कर्नल ३.५ पासून यासाठी रेड-ब्लॅक ट्री (क्रमाने लावून ठेवणारी झाडासारखी रचना) आहे, प्रत्येक प्रायॉरिटीला एक नोड आणि त्या नोडवर आल्या क्रमाने मेसेजची यादी. जागाच नसेल तर पाठवणाऱ्याला वेटिंग लिस्टमध्ये झोपवतो. नंतर कोणीतरी एक मेसेज उचलला की झोपलेल्या पाठवणाऱ्याचा मेसेज, जो आधीच कर्नलमध्ये येऊन पडलाय, तो लगेच क्यूत सरकवतो आणि मग त्याला उठवतो. यात कुठेही समोरची प्रोसेस जिवंत आहे का हा प्रश्न कर्नल विचारत नाही. क्यूला फक्त मेसेज कळतात, माणसं कळत नाहीत. रिसीव्हर मेला, कोणीच उरलं नाही, तरी पाठवणारा इमानेइतबारे झोपून राहील.

मग लांबीचं काय, ईइनव्हॅल का आलं? कारण साध्या युजरला मेसेजची संख्या एमएसजी_मॅक्स या लिमिटपर्यंतच देता येते आणि ते डिफॉल्टला १० असतं. एका मेसेजच्या साईझचं लिमिट असंच ८१९२. दोन्ही प्रॉक फाइलसिस्टिममध्ये सिस, एफएस, एमक्यू (/proc/sys/fs/mqueue) या वाटेने सापडतील, सिसकंट्रोल (sysctl) या कमांडने वाढवता येतात. सुडोने चाललं कारण रूटकडे कॅप_सिस_रिसोर्स ही कॅपॅबिलिटी, म्हणजे खास अधिकार, असते आणि ती असली की ही दोन लिमिट लागू होत नाहीत, तेव्हा वरची मर्यादा ६५५३६ मेसेजची. प्रोग्राम कायम रूटने चालवणं हा काही उपाय नाही, लिमिट वाढवा आणि प्रोग्राम साध्या युजरनेच चालवा.

पण इथे अजून दोन खड्डे आहेत ज्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. पहिला म्हणजे आरलिमिट_एमएसजीक्यू. एका युजरच्या सगळ्या क्यू मिळून किती बाइट धरता येतील याचं हे लिमिट, डिफॉल्ट ८१९२००. आणि हे बाइट क्यू बनवतानाच पूर्ण धरले जातात, मेसेज असोत नसोत, वर प्रत्येक मेसेजमागे कर्नलची स्वतःची थोडी जागा पण मोजली जाते. म्हणजे डिफॉल्ट साईझच्या क्यू, १० गुणिले ८१९२, कागदावर बरोबर दहा मावायला हव्यात, प्रत्यक्षात नऊ उघडतात आणि दहावी नापास होते. नापास होताना एरर येतो ईएमफाइल, ज्याचा मजकूर असतो जास्त फाइल्स उघडल्या आहेत, आणि लोक बिचारे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) गळतोय कुठे ते शोधत बसतात. हे लिमिट रूटलाही लागू आहे. तुमचे मेसेज २५६ बाइटचे म्हणून १००० ची लांबी त्यात बसली, ८१९२ चे असते तर सुडो लावूनही बसली नसती.

दुसरा खड्डा जास्त त्रासदायक. क्यू तुमची प्रोसेस संपली तरी मरत नाही, एमक्यू_अनलिंक करून पुसेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत कर्नलमध्ये तशीच राहते. आणि ओ_क्रिएट (नसेल तर बनव, असा फ्लॅग) देऊन उघडताना त्या नावाची क्यू आधीच असेल तर तुम्ही दिलेली लांबी आणि साईझ कर्नल मुकाट्याने सोडून देतो, एरर नाही काही नाही, जुनीच क्यू जुन्याच मापाने उघडून देतो. म्हणजे कोडमध्ये १००० लिहिलं, चालवलं, आत अजून १० च. किंवा उलट, सुडोने एकदा बनवलेली १००० ची क्यू रूटच्या मालकीची होऊन मागे राहिली, आणि आता साध्या युजरला ती उघडताना परवानगी नाही म्हणतोय. म्हणून माझी सवय अशी की उघडल्यावर लगेच एमक्यू_गेटॲटर करायचं, हवी ती मापं मिळाली का बघायचं, नसतील तर मोठ्याने बोंब मारून बंद व्हायचं. दोन ओळींचा कोड आहे, पण निम्मी गूढ प्रकरणं जन्मालाच येत नाहीत.

आता सोडवायचं कसं. पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारेन, ती पोच हवी कशाला? मेसेज पोचला का हे कळायला हवी असेल तर एमक्यू_सेंड यशस्वी झालं म्हणजे मेसेज कर्नलकडे सुखरूप आहे, एकाच मशीनवर तो वाटेत हरवत नाही. दुसऱ्या प्रोसेसने त्यावर खरंच काम पूर्ण केलं का हे कळायला हवी असेल तर ते रास्त आहे, कारण मेसेज उचलला आणि हिशोब व्हायच्या आत प्रोसेस मेली तर तो मेसेज गेला, क्यू तो परत देत नाही. पण त्यासाठी दर मेसेजला एक पोच लागत नाही. प्रत्येक मेसेजवर अनुक्रमांक घाला आणि दुसऱ्या प्रोसेसने अधूनमधून एवढंच सांगावं की अमुक नंबरपर्यंत सगळं झालं. अशी पोच एकत्रित असल्यामुळे एखादी गळाली तरी बिघडत नाही, पुढची तिला पोटात घेते. आणि गळाली तरी चालते म्हटल्यावर ती पाठवताना थांबायची गरजच उरत नाही, दुसऱ्या प्रोसेसने पोचेची क्यू ओ_नॉनब्लॉकने (कधी न थांबण्याचा फ्लॅग) उघडायची, भरलेली असली तर ईअगेन हा एरर येतो, सोडून द्यायचं आणि पुढच्या मेसेजकडे वळायचं. फक्त एक काळजी घ्या, काम संपून निवांत असताना शेवटचा नंबर गळालेला असेल तर तो परत पाठवायचा, नाहीतर पहिली प्रोसेस शेवटच्या काही मेसेजची वाट बघत बसेल. एवढं केलं की चक्र तुटतं. प्रोसेस एकमेकींना मेसेज पाठवत गोल फिरत असतील तर त्या गोलात किमान एक पाठवणं असं हवंच की जे कधीही थांबत नाही. तीन प्रोसेस असोत की सात, डिझाइन बघताना मी बाण काढतो आणि प्रत्येक गोलात असा एक बाण आहे का ते शोधतो.

दुसरी दुरुस्ती पहिल्या प्रोसेसमध्ये. पोच फावल्या वेळात वाचायची हा प्रकार बंद करा. लिनक्सवर पॉसिक्स क्यूचा डिस्क्रिप्टर हा खरोखरचा फाइल डिस्क्रिप्टर असतो, त्यामुळे तो पोल किंवा ईपोलमध्ये (अनेक डिस्क्रिप्टरवर एकाच वेळी लक्ष ठेवणारे कॉल) सरळ घालता येतो. स्टँडर्डमध्ये याची हमी नाही, दुसऱ्या सिस्टिमवर न्यायचं असेल तर हे लक्षात ठेवा, पण तुम्ही लिनक्सवरच आहात. सेन्सरचा डिस्क्रिप्टर, पोचेची क्यू आणि पाठवायचं काही शिल्लक असेल तेव्हाच डेटाची क्यू लिहिण्यासाठी, असे तिन्ही एकाच ईपोलवर, आणि प्रत्येक क्यू नॉनब्लॉकिंग. सेन्सरचा ड्रायव्हर पोल सपोर्ट करत नसेल तर त्यासाठी वेगळा थ्रेड लागेल, ते तुमच्या हार्डवेअरवर अवलंबून आहे. ओ_नॉनब्लॉक हा फ्लॅग क्यूचा नसतो, जो उघडतो त्याच्या बाजूचा असतो, त्यामुळे एकाच क्यूवर पाठवणारा नॉनब्लॉकिंग आणि घेणारा आरामात झोपून वाट बघणारा असं बिनधास्त चालतं.

समजा डेडलॉक गेला. आता लांबीचा खरा प्रश्न येतो आणि तो जरा सावकाश बघण्यासारखा आहे. सेन्सर सेकंदाला १००० मेसेज देतोय आणि दुसरी प्रोसेस सरासरी ९५० च उरकतेय असं धरा. दर सेकंदाला ५० मागे पडतात. लांबी १० असेल तर ०.२ सेकंदात क्यू फुल. १००० असेल तर २० सेकंदात फुल. जास्तीत जास्त ६५५३६ केली तर साधारण २२ मिनिटांत फुल. फुल सगळ्याच होतात. लांबी फक्त एवढंच ठरवते की तुम्हाला हे टेस्टिंगमध्ये कळेल की रात्री दोनला प्रॉडक्शनमध्ये. सरासरी वेग पुरेसा असेल आणि मधूनच डेटाचा लोंढा येत असेल तर लांबी कामाची, तेवढा लोंढा ती पोटात घेते. मग लोंढा केवढा येतो ते मोजा, त्याच्या दुप्पट लांबी ठेवा, बास. सरासरीच पुरत नसेल तर लांबी वाढवून उलट नुकसान होतं, कारण १००० ची क्यू भरलेली असताना नवीन मेसेजच्या पुढे हजार जण उभे असतात आणि ९५० च्या वेगाने त्याचा नंबर यायला सेकंदाहून जास्त लागतो. सेन्सरचं एक सेकंद शिळं रीडिंग घेऊन पुढे मोटर किंवा व्हॉल्व्ह चालवायचा असेल तर ते रीडिंग नसलेलं परवडलं.

म्हणून भरल्यावर काय करायचं हे डेटाच्या स्वभावावरून ठरतं आणि इथे मी तुमच्या वतीने ठरवू शकत नाही. प्रत्येक मेसेज मोलाचा असेल, मोजणी, व्यवहार, ऑडिट असलं काही, तर पाठवणाऱ्याने थांबायलाच हवं आणि ते थांबणं मागे मूळ स्रोतापर्यंत पोचायला हवं. लॉग किंवा आकडेवारी असेल तर नवीन आलेलं टाकून द्या, किती टाकले ते मोजा आणि तो आकडा कुठेतरी दाखवा. तापमान, पोझिशन, वेग असली रीडिंग्ज असतील, तुमची तशीच वाटतायत, तर जुनं टाकून नवीन ठेवायला हवं.

पॉसिक्स क्यूत जुनं टाका असा पर्याय नाही, पण तो बनवता येतो. पहिल्या प्रोसेसने डेटाची क्यू फक्त लिहायला न उघडता वाचायला-लिहायला दोन्हीला आणि नॉनब्लॉकिंग उघडायची. पाठवायला गेलं आणि ईअगेन आलं की स्वतःच एक मेसेज उचलायचा, सगळे मेसेज एकाच प्रायॉरिटीचे असतील तर तो सगळ्यात जुना असतो, तो फेकायचा, फेकलेल्यांचा काउंटर वाढवायचा आणि परत पाठवायचं. मधल्यामध्ये दुसऱ्या प्रोसेसने काही उचललं आणि तुम्हाला उचलताना ईअगेन आलं तरी हरकत नाही, म्हणजे जागा झालीच आहे. पाठवणारे एकाहून जास्त असतील तर परत पाठवण्याच्या प्रयत्नांना मर्यादा घाला. घेणाऱ्याला अनुक्रमांकात पडलेली फट बघून किती गळाले ते आपोआप कळतं. आणि प्रत्येक मेसेजमध्ये क्लॉक_मोनोटॉनिकची (कधी मागे न जाणाऱ्या घड्याळाची) वेळ घालाच, ते घड्याळ एका मशीनवरच्या सगळ्या प्रोसेसला एकच असतं, त्यामुळे घेणाऱ्याला मेसेज किती शिळा आहे ते वजाबाकी करून कळतं. मला विचाराल तर क्यूच्या लांबीपेक्षा मेसेजचं वय हा जास्त खरा आकडा आहे, ग्राफ काढायचा तर त्याचा काढा.

प्रायॉरिटीबद्दल तुम्ही विचारलं नाही पण पुढे वाटेत येईलच. पॉसिक्स क्यूत प्रत्येक मेसेजला ० ते ३२७६७ अशी प्रायॉरिटी देता येते, मोठी आधी बाहेर येते. मग लोकांना वाटतं की थांबा ही कमांड मोठ्या प्रायॉरिटीने त्याच क्यूवर पाठवू, ती पुढे घुसेल. घुसेल, पण आत शिरल्यावर. क्यू फुल असेल तर मोठ्या प्रायॉरिटीसाठी राखीव जागा नसते, तुमची थांबा कमांड बाकीच्यांसारखीच दाराबाहेर उभी राहते, नेमकी जेव्हा तिची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा. कंट्रोलच्या कमांडसाठी वेगळी छोटी क्यू ठेवा. शिवाय वरची जुनं फेकायची युक्ती वापरताय आणि प्रायॉरिटी वेगवेगळ्या असतील तर तुम्ही जुना फेकायला जाल आणि हातात सगळ्यात महत्त्वाचा येईल. दोन्ही एकत्र करू नका.

आता शेअर्ड मेमरी. मेसेज क्यूत प्रत्येक मेसेज दोनदा कॉपी होतो, एकदा कर्नलमध्ये जाताना आणि एकदा बाहेर येताना, हे खरं. पण २५६ बाइट कॉपी करायला लागणारा वेळ हा सिस्टिम कॉल आणि झोपलेल्या प्रोसेसला उठवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे, आणि शेअर्ड मेमरीतही समोरच्याला उठवावं लागतंच. सेकंदाला हजार मेसेज हे कर्नलला काहीच नाही. बदल्यात कर्नल जे देतो ते मोठं आहे: मेसेज अर्धा दिसत नाही, पाठवणारा मध्येच मेला तरी क्यू बिघडत नाही, वाट बघणं आणि उठवणं फुकट मिळतं. शेअर्ड मेमरीत हे सगळं तुम्हाला लिहावं लागेल. लॉक हातात असताना प्रोसेस मेली तर काय, त्यासाठी रोबस्ट म्युटेक्स (मालक मेला तर ते कळवणारं लॉक), मग ईओनरडेड (लॉकचा मालक मेला असा एरर) आल्यावर अर्धवट लिहिलेला डेटा सरळ कसा करायचा, लॉक नको म्हणून रिंग बफर केला तर मेमरी ऑर्डरिंग (मेमरीतले बदल दुसऱ्याला कोणत्या क्रमाने दिसतात ते), जे एका प्रोसेसरवर चुकीचं असूनही चालतं आणि दुसऱ्यावर महिन्यातून एकदा फाटतं.

शेअर्ड मेमरी कधी घ्यावी, तर मेसेज खरंच मोठे असतील तेव्हा, कॅमेऱ्याची फ्रेम वगैरे. तेव्हाही मी क्यू सोडत नाही. शेअर्ड मेमरीत ठरावीक संख्येचे बफर ठेवतो आणि क्यूवरून फक्त बफरचा नंबर पाठवतो, काम झालं की घेणारा तो नंबर मोकळ्या बफरच्या क्यूवर परत टाकतो. यातही गोल आहे, पण दोन्ही क्यूची लांबी बफरच्या संख्येएवढी ठेवली की क्यू कधी फुल होऊच शकत नाही, तितके नंबरच अस्तित्वात नसतात. थांबायचं असेल तर ते मोकळा बफर मिळवताना, एकाच ठरलेल्या जागी.

मेसेज क्यूऐवजी दुसरं काही घ्यावं का असं विचारलंत तर माझा कल युनिक्स डोमेन सॉकेटकडे (एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसमधली जोडणी), सीक्वपॅकेट प्रकाराचं. मेसेजच्या सीमा तिथेही शाबूत राहतात, वर समोरची प्रोसेस मेली की लगेच कळतं, जे क्यूत कधीच कळत नाही, आणि फाइल डिस्क्रिप्टरसुद्धा पाठवता येतात. प्रायॉरिटी मात्र नाही, आणि समोरचं कोणी चालू नसताना मेसेज टाकून निघून जायची सोय नाही. तुमच्या दोन प्रोसेस कायम जोडीनेच चालत असतील तर नव्याने लिहिताना मी सॉकेटच घेईन. पण चालू असलेला कोड यासाठी उपटून टाकायची गरज नाही, वरच्या दुरुस्त्या सॉकेटवरही कराव्याच लागतील.

सिस्टिम व्ही वाल्या जुन्या क्यूकडे जाऊ नका. मेसेजच्या टाइपनुसार निवडून उचलता येतं ही त्यांची एक छान गोष्ट आहे, पण त्यांचा डिस्क्रिप्टर नसतो म्हणून पोल-ईपोल काही चालत नाही, आणि लोक टाइपमध्ये क्लायंटचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) घालून एकाच क्यूवर सगळ्यांची उत्तरं पाठवतात, मग एखादा क्लायंट मेला की त्याची उत्तरं कोणी न उचलता पडून राहतात आणि डिफॉल्टच्या १६३८४ बाइटमध्ये सगळ्यांची वाट अडते.

दोन छोट्या गोष्टी. अडकू नये म्हणून एमक्यू_टाइम्डसेंड वापरायचा मोह होईल, त्याची वेळ रिअलटाइम घड्याळाची आणि अमुक वाजेपर्यंत अशी असते, घड्याळ मागे-पुढे सरकवलं गेलं की टाइमआउट भलताच लांबतो किंवा लगेच संपतो. नॉनब्लॉकिंग आणि पोलचा टाइमआउट हे जास्त भरवशाचं. आणि एमक्यू_नोटिफाय (मेसेज आल्याची सूचना देणारा कॉल) शक्यतो टाळा, ते एकदाच वाजतं, तेही क्यू रिकामी असताना मेसेज आला तरच, आणि एका क्यूवर एकाच प्रोसेसला लावता येतं. ईपोल असताना त्याची गरज पडत नाही.

कामाला लागताना क्रम असा ठेवा. आधी अडकलेल्या अवस्थेत २५६० आणि १६० दिसतायत का बघा. दिसले तर पोच एकत्रित आणि नॉनब्लॉकिंग करा, तेवढ्यानेच अडकणं थांबायला हवं. मग जुन्या क्यू अनलिंक करून लांबी परत १० वर आणा आणि मुद्दाम सलग डेटा सोडून बघा, कारण लांबी कमी असताना चुका लवकर दिसतात, मी टेस्टिंगला नेहमी छोटीच लांबी ठेवतो. त्यात टिकलं की मग वेग मोजून खरी लांबी ठरवा. अजूनही अडकत असेल तर दोन्ही क्यूची कॅट केलेली ओळ आणि दोन्ही प्रोसेसच्या एसट्रेसची शेवटची ओळ, चारही एकाच वेळी घेतलेल्या, इथे टाका आणि पहिल्या प्रोसेसचा मुख्य लूप पण टाका, बघून सांगतो.